शून्य बाइट मागणं हा गुन्हा नाहीये

मागच्या रविवारी सकाळी सोलापुरात सात रस्त्याजवळ चहाला बसलो होतो, नेहमीचेच आम्ही पाच जण, दोघं पुण्याहून सुट्टीला आलेले, बाकीचे इथूनच घरी बसून काम करणारे. त्यातला सगळ्यात लहान जो आहे तो एका मशीनचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सला ते मशीन चालवता यावं म्हणून लागणारा कोड, लिहितोय. मशीनला कार्डं खोचायच्या जागा आहेत, किती कार्डं लावलीत ते मशीनच सांगतं आणि ड्रायव्हर तेवढ्यांपुरती मेमरी मागतो. एका टेस्टला कुणी कार्डच लावलं नव्हतं, मग संख्या आली शून्य, शून्य गुणिले कार्डाचा साइझ म्हणजे शून्य, आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यातल्या मेमरी देणाऱ्या केमॅलॉक फंक्शनकडे शून्य बाइटची मागणी गेली. त्याचा कोड तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने पॅच (कोडमधला बदल) परत पाठवला, म्हणे शून्य आलं की तिथेच एरर देऊन बाहेर पड. झालं, यावरून अर्धा तास जुंपली. एक जण म्हणाला, "काय बे, शून्य बाइट कोण मागतं का? हे म्हणजे हॉटेलात जाऊन शून्य प्लेट भजी द्या म्हणण्यासारखं झालं." सगळे हसले आणि सगळ्यांना वाटलं विषय संपला.

विषय संपला नाही, उलट इथेच बिघडला. शून्य प्लेट भजी मागणारा माणूस वेडा वाटतो हे खरं, पण तीस टेबलांच्या ऑर्डरी गोळा करून किचनमध्ये जो कागद जातो त्यावर चहा 14, पोहे 9, भजी 0 असं लिहिलेलं असलं तर आचारी गॅस बंद करून घरी जातो का? माणूस शून्य मागत नाही, हिशोब शून्य मागतो. कर्नलमध्ये मेमरी मागणारा जवळजवळ नेहमी हिशोबच असतो, किती कार्डं, किती फाइली, युजरने किती एंट्र्या पाठवल्या, त्याला एका एंट्रीच्या साइझने गुणायचं आणि मागायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो: शून्य ही रीतसर मागणी आहे, कर्नलने ती मान्य करायची, आणि असा पॉइंटर (मेमरीचा पत्ता) द्यायचा जो नल (पत्ताच नाही हे सांगणारी खूण) नाही पण हात लावला की चटका बसतो. लिनक्सने 2007 साली हेच ठरवलं आणि माझ्या मते बरोबर ठरवलं. नल द्या, लहानसा तुकडा द्या, नाहीतर सरळ पॅनिक करा म्हणजे सगळं बंद पाडा, ही बाकीची तिन्ही मतं कमीजास्त चुकीची आहेत, पण तिन्हींत थोडं थोडं खरं आहे आणि ते न ऐकता भांडणं म्हणजे नुसती चहाची बिलं वाढवणं.

वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मेहता, म्हणजे हिशोबनीस, होते. हप्त्याच्या, म्हणजे आठवड्याच्या पगाराच्या, आदल्या रात्री ते घरी रजिस्टर घेऊन बसायचे, माग नंबर, कामगाराचं नाव, किती डझन टॉवेल. एखाद्या मागाचा बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) संपलेला असायचा, नवीन चढलेला नसायचा, मग त्या आठवड्यात त्या मागावर माल निघायचा नाही. तिथे ते लाल शाईने लिहायचे: निरंक. मी लहान असताना विचारलं होतं की काही नाहीये तर लिहायचं कशाला, मोकळं सोडा की. म्हणाले, मोकळं म्हणजे जॉबरची (मुकादमाची) चिठ्ठी अजून आली नाही. निरंक म्हणजे चिठ्ठी आली, आणि त्यात काही नाही. सरकारी पत्रातही शेवटी हेच असतं, माहिती निरंक असल्यास तसा अहवाल पाठवावा. निरंक अहवाल आणि न आलेला अहवाल यात फरक आहे हे ज्या देशातल्या तलाठ्याला कळतं त्या देशातल्या इंजिनियरला नल आणि शून्यातला फरक कळू नये?

नलवाल्यांचं म्हणणं अगदी हास्यास्पद नाहीये हे आधी मान्य करतो. काहीच मागितलं नाही तर काहीच देऊ नका, वरवर पाहता याच्याइतकं सरळ उत्तर नाही. जुन्या सिस्टिम व्ही घराण्यातल्या युनिक्समध्ये मॅलॉकला, म्हणजे प्रोग्राम ज्याच्याकडे मेमरी मागतात त्या फंक्शनला, शून्य दिलं की नल मिळायचं, आयबीएमच्या एआयएक्समध्ये आजही तसंच. सी भाषेच्या स्टँडर्डने तर 1989 पासून हात वर केलेत, की नल द्या किंवा वापरता न येणारा पॉइंटर द्या, तुमचं तुम्ही ठरवा. अडचण अशी की ॲलोकेटरच्या, म्हणजे मेमरी वाटणाऱ्याच्या, तोंडी नल या शब्दाला आधीच एक अर्थ आहे: मेमरी संपली, काम झालं नाही. तोच शब्द "काम झालं, काही लागलंच नाही" यालाही वापरला की समोरच्याला कळायचं कसं? कर्नलमधला जवळपास प्रत्येक ड्रायव्हर मेमरी मागितल्यावर पुढच्याच ओळीत बघतो की नल आलं का, आलं तर आउट ऑफ मेमरीची एरर घेऊन परत फिरतो. म्हणजे 64 जीबी रॅम रिकामी पडलीये आणि मशीन सांगतंय मेमरी संपली, कारण काय तर कार्ड लावलं नव्हतं. अशी एरर शोधायला बसलेला माणूस दोन दिवस मेमरी लीक (घेऊन परत न केलेली मेमरी) शोधत बसतो, मी बसलोय.

सन कंपनीच्या सोलारिस या युनिक्समध्ये तर हा गोंधळ मॅन्युअलमध्येच लिहिलेला आहे. तिथल्या जेफ बॉनविकने 1994 साली स्लॅब ॲलोकेटर ही मेमरी वाटायची पद्धत मांडली, बऱ्याच कर्नलांनी पुढे तिच्यापासून काही ना काही घेतलं, माणूस थोरच. पण सोलारिसच्या कर्नलचं मेमरी देणारं केमेम ॲलॉक एका बाजूला वचन देतं की स्लीप हा फ्लॅग दिला तर मेमरी मिळेपर्यंत मी थांबेन, नल कधीच देणार नाही, त्यामुळे तपासायची गरज नाही. आणि दुसऱ्या बाजूला तेच मॅन्युअल म्हणतं की शून्य मागितलं तर नेहमी नल. आता सांगा, कोणतं वचन खरं धरायचं? वचनाला एक अपवाद आहे, आणि तो अपवाद नेमका अशा वेळी येतो जेव्हा टेस्टिंग करणाऱ्याने रिकामी यादी देऊन बघितलेलीच नसते.

रिॲलॉकची, म्हणजे घेतलेल्या मेमरीचा साइझ बदलणाऱ्या फंक्शनची, कथा याहून वाईट. जुनी मेमरी द्या आणि नवीन साइझ शून्य सांगा, लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी जीलिबसी जुनी मेमरी मोकळी करतं आणि नल परत देतं. पण रिॲलॉक फसलं तरी नलच येतं, आणि तेव्हा जुनी मेमरी मात्र जागेवर असते. एकच नल, दोन अगदी उलट अर्थ. एका अर्थाने धरलं तर लीक, दुसऱ्याने धरलं तर एकच मेमरी दोनदा मोकळी. हे पुस्तकी वाटत असेल तर 2019 आठवा, व्हॉट्सॲपमध्ये एक भोक सापडलं होतं, जीआयएफ वाचायच्या लायब्ररीतलं. फाइलमधल्या फ्रेमचा साइझ मुद्दाम शून्य ठेवला की रिॲलॉक म्हणजे फ्री (मेमरी मोकळी) व्हायचं, दोन फ्रेम तशा असल्या की डबल फ्री, आणि तिथून अँड्रॉइड फोनवर बाहेरच्याचा कोड चालवता यायचा. गॅलरी उघडायची खोटी. आपल्याकडे रोज सकाळी सुप्रभातच्या किती जीआयएफ येतात बघा आणि मग सांगा शून्याचा प्रश्न फक्त चार कर्नलवाल्यांचा आहे का. सी-23 या सी भाषेच्या नव्या स्टँडर्डमध्ये शेवटी कमिटीने रिॲलॉकला शून्य देणं अनडिफाइन्ड (काय होईल सांगता येत नाही, करूच नका) करून टाकलं, म्हणजे तीस-पस्तीस वर्षं "तुमचं तुम्ही ठरवा" म्हटल्यावर घर इतकं विस्कटलं की दारालाच कुलूप लावावं लागलं.

इथे मला ब्रह्मगुप्त आठवतो, आणि अभिमानाचे ढोल वाजवायला नाही. 628 साली ब्रह्मस्फुटसिद्धान्तात त्याने शून्याला संख्या मानून नियम दिले, बेरीज कशी, वजाबाकी कशी, गुणाकार कसा, सगळे बरोबर. भागाकाराला आला आणि शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असं लिहून मोकळा झाला. पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी छेदात शून्य असलेल्या राशीला खहर असं वेगळं नाव दिलं, तेही सगळं सुटलं नाही पण निदान ही राशी बाकीच्यांसारखी नाही हे तरी नोंदवलं गेलं. मुद्दा हा, की शून्य आत घेतलं की काम संपत नाही, प्रत्येक क्रियेत त्याचं काय होणार हे एकेक करून ठरवावं लागतं. आणि ते अवघड जातंय म्हणून शून्यालाच संख्या मानू नका, असं कुणी म्हटलं असतं तर आज आपण कुठे असतो? रिव्ह्यूअर साहेब नेमकं तेच म्हणत होते.

दुसरं मत, लहानसा तुकडा द्या. हे म्हणणारे बहुतेक अनुभवी लोक असतात आणि त्यांचा मुद्दा व्यवहाराचा असतो. लिनक्स 2007 च्या आधी असंच करायचं, शून्य मागा, सगळ्यात लहान खणातला, साधारण 32 बाइटचा तुकडा मिळायचा, कुणाचं काही अडलं नाही. सी++ मध्ये मेमरी मागणाऱ्या न्यू ला शून्य दिलं तरी वेगळा, नल नसलेला पॉइंटर मिळतोच. मग बिघडलं कुठे? बिघडलं असं की ज्याने शून्य मागितलं त्याने चुकून एक बाइट लिहिला तर तो गपचूप लिहिला जातो. 32 बाइटपर्यंत सगळं गोड. वडिलांच्या भाषेत, माल निघाला नाही पण रजिस्टर मोकळं दिसायला नको म्हणून एक डझन लिहून टाकला, आता गोडाऊनचा स्टॉक जुळेल कधी? असा बग टेस्टमध्ये दिसत नाही, पुढे कधीतरी कुणी त्याच कोडमध्ये 40 बाइट लिहितो आणि शेजाऱ्याच्या मेमरीवर सांडतं आणि शिव्या शेजाऱ्याला बसतात. कासानसारखी मेमरीतल्या चुका शोधणारी हत्यारं चालू असली तर पकडतील, पण ती गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालू नसतात.

तिसरं मत सगळ्यात कडक आणि आजकालच्या पोरांना सगळ्यात आवडतं: शून्य म्हणजे बग, बोंब मारा, पॅनिक करा. यांचा खरा मुद्दा भज्यांचा नव्हे, ओव्हरफ्लोचा, म्हणजे उत्तर जागेत न मावता वरचे आकडे गळून पडण्याचा, आहे, आणि तो नीट ऐकायला हवा. 32 बिटांच्या हिशोबात 107 कोटी 37 लाख 41 हजार 824 ला 4 ने गुणलं की उत्तर येतं शून्य. हल्लेखोराने तेवढी संख्या पाठवली, तुम्ही शून्य बाइट घेतले आणि मग लूप 107 कोटी वेळा लिहीत सुटला. म्हणून ते म्हणतात की शून्य दिसलं की तिथेच धरा. ओपनएसएसएच या दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या प्रोग्राममध्ये मेमरी घ्यायचं जे फंक्शन आहे ते शून्य आलं की प्रोग्रामच बंद करतं, आणि ती काही येडी माणसं नाहीत.

पण त्याच ओपनएसएसएचचं 2002 चं उदाहरण घ्या. चॅलेंज-रिस्पॉन्समध्ये, म्हणजे सवाल-जवाबाने लॉगिन करताना, किती उत्तरं येणार ती संख्या समोरून यायची, ती गुणताना ओव्हरफ्लो व्हायचा आणि बाहेरून मशीनचा ताबा घेता यायचा, 3.4 आवृत्तीत दुरुस्त केलं. आता वरच्या 107 कोटींच्या संख्येत आणखी 1024 मिळवा, गुणाकार शून्य येत नाही, 4096 येतो. चांगली सभ्य, गोल संख्या. शून्यावर पहारा बसवून ही पकडणार कशी? पुढच्या दाराला तीन कुलपं आणि मागचं सताड उघडं. ओव्हरफ्लो धरायची जागा गुणाकार ही आहे, आणि कर्नलमध्ये त्याची सोय आहे, केमॅलॉक ॲरेला संख्या आणि साइझ वेगवेगळे द्यायचे, गुणाकार मावत नसला की ते नल देतं. 2018 मध्ये साइझचा हिशोब करणारं स्ट्रक्ट साइझ आलं, त्यात हिशोब फुगला की साइझ सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाऊन बसतो, म्हणजे मेमरी मिळायचा प्रश्नच नाही. एवढं केल्यावर जे शून्य उरतं ते खरंखुरं शून्य.

आणि खरं शून्य कर्नलमध्ये किती वेळा येतं! प्रोग्रामचे ग्रुप ठरवणाऱ्या सेटग्रुप्सला शून्य आणि नल देणं म्हणजे सगळे जादा ग्रुप सोडून दे, डीमन (मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम) लोक अधिकार कमी करताना रोज हे करतात, ती सुरक्षेची चांगली सवय आहे. फाइलला लावलेलं एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट (जादा माहितीची चिठ्ठी) रिकामं असू शकतं. फाइलीत लिहिणाऱ्या राइटला शून्य लांबी चालते. या सगळ्यांच्या वाटेत पॅनिक पेरायचा? लिनक्सवाल्यांनी याची चव घेतलीये, 2.6.22 आवृत्तीच्या तयारीत नवीन स्लब ॲलोकेटर शून्य मागणाऱ्याला वॉर्निंग द्यायचा, स्टॅकसकट, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्या यादीसकट. ठिकठिकाणाहून वॉर्निंगा यायला लागल्या आणि बघतात तर त्यातल्या कितीतरी जागा मुळात बरोबर होत्या, रिकामी यादी होती, पुढचा लूप शून्य वेळा फिरणार होता, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. त्या गप्प करायला प्रत्येक ठिकाणी एक इफ घालायचा, आणि इफ आला की दोन वाटा आल्या, दुसरी वाट कुणी टेस्ट करत नाही. एका मागावर बीम नाही म्हणून आख्ख्या शेडची लाइट घालवायची?

मग त्यांनी चौथी वाट काढली. शून्य मागितलं की 16 हा पत्ता मिळतो, त्याला नाव झिरो साइझ पॉइंटर. नल नाही, म्हणून "मेमरी संपली" वाली ओळ खोटं बोलत नाही. मेमरीच्या अगदी पहिल्या पानातला (तुकड्यातला) पत्ता आहे, तिथे काही मॅप केलेलं (खरी मेमरी जोडलेली) नसतं, म्हणून एक बाइट जरी वाचला-लिहिला तर कर्नल तिथल्या तिथे ऊप्स ही एरर देतो आणि दोषी फंक्शनचं नाव स्टॅकमध्ये वर दिसतं. मेमरी मोकळी करणाऱ्या केफ्रीला दिला तर ते गुपचूप परत येतं, आणि वेगात फरक नाही कारण आधी नल आहे का एवढं बघत होतो आता 16 किंवा कमी आहे का बघतो, तुलना एकच. केरिॲलॉकला, म्हणजे कर्नलच्या रिॲलॉकला, शून्य दिलं तर जुनी मेमरी मोकळी होते आणि हाच पॉइंटर मिळतो, म्हणजे वरची व्हॉट्सॲपवाली संदिग्धता इथे उरतच नाही. काही जण म्हणतात पत्त्यात असा अर्थ कोंबणं घाणेरडं आहे. अहो, कर्नलने सगळ्यात वरचे 4095 पत्ते एरर नंबरांसाठी कधीचे वापरायला काढलेत, तिथे नाक मुरडलं नाही आणि इथे काय झालं?

रस्ट या नव्या भाषेचे लोक चहाच्या टेबलावर नव्हते, पण असते तर म्हणाले असते की आमच्याकडे ॲलोकेटरला शून्य साइझ देणं सरळ बेकायदा आहे. बरोबर, पण अगदी तळाच्या थराला. वरती रोज वापरायचा व्हेक (यादी) आहे तो रिकामा असताना ॲलोकेटरकडे जातच नाही, एक लोंबकळता, नल नसलेला पॉइंटर धरून बसतो. म्हणजे निरंकची नोंद त्यांनीही ठेवली, फक्त मेहता दुसऱ्या खोलीत बसवला. लिहिणाऱ्या प्रत्येकाला इफ घाला असं त्यांनीही सांगितलेलं नाही.

आता माझ्या बाजूची दुखणी. 16 पासून मोजायला लागून एकदम लाखाव्या घरात कुणी लिहिलं तर? पहिलं पान सोडून पत्ता पुढे जातो. युजरच्या प्रोग्रामला तळाचे 65,536 बाइट मॅप करू द्यायचे नाहीत अशी अट बहुतेक ठिकाणी असते, पण त्याच्या पुढे युजरची मेमरी असू शकते, आणि कर्नल तिथे लिहीत बसला तर चटका बिटका काही नाही, हल्लेखोराला मेजवानी. 2014 नंतरच्या इंटेलमध्ये स्मॅप आहे, कर्नलने युजरच्या पानाला असा हात लावला की प्रोसेसरच अडवतो, आर्मच्या नव्या चिपांतही तशी सोय आहे, पण कारखान्यात दहा वर्षं धूळ खात चालणाऱ्या बोर्डावर ती असेलच असं नाही. हे भोक आहे आणि मी ते झाकत नाही. फक्त इतकंच, की नल दिलं असतं आणि कुणी तपासलं नसतं तर हेच भोक सोळा बाइट अलीकडे असतं, आणि 32 चा तुकडा दिला असता तर लाखाव्या घरात थेट कर्नलचीच मेमरी असती.

दुसरं दुखणं, दोघांनी शून्य मागितलं तर दोघांना तोच 16. पॉइंटरचा पत्ता हीच ओळख धरून कुणी कोड लिहिला असेल तर दोन रिकाम्या वस्तू त्याला एकच वाटणार. सी स्टँडर्डच्या दुसऱ्या पर्यायात, आणि ओपनबीएसडी या युनिक्सच्या मॅलॉकमध्ये, प्रत्येक वेळी वेगळा आणि हात लावता न येणारा पत्ता मिळतो, तो प्रकार माझ्या मते खरंच जास्त सुबक आहे. कर्नलमध्ये त्यासाठी पत्ते राखून ठेवायचा खर्च कोण करणार हा प्रश्न आहे, पण सुबक आहे हे नाकारत नाही.

आमच्या पोराचं काय झालं ते सांगतो. रिव्ह्यूअरचं ऐकून त्याने शून्याला एरर टाकली होती, तर रिकाम्या मशीनवर ड्रायव्हर लोडच होईना, मग चालू मशीनमध्ये कार्ड खोचलं की ते बघायला ड्रायव्हरच जागेवर नाही. तिथेच टेबलावर लॅपटॉप उघडून त्याने तो इफ काढला, साधा केमॅलॉक काढून केमॅलॉक ॲरे घातलं, आणि कार्ड काढून लोड केलं. लोड झालं. मग अचानक म्हणाला, "पण सर, मी तर यादीत कार्ड शोधायला बफरचा पत्ताच वापरतोय, दोन मशीनं रिकामी असली तर?" भजीवाला पुन्हा हसायला लागला होता, त्याला म्हटलं थांब, हा बरोबर बोलतोय. शोधायला मशीनचा नंबर वापर म्हणून सांगितलं, तो बदल अजून त्याच्याकडेच पडून आहे.